उजव्या पायाचा आवाज

तोकिझाने सेन्सेईंनी मला शिव्या देणं बंद केलं, तेव्हाच मी ओळखलं की आता माझं काही खरं नाही.

आमच्या या गुरूच्या नाटक मंडळीत मी बेचाळीस वर्षं आहे. एवढ्या काळात त्यांनी मला मुळा म्हटलंय (वाईट नटाला आमच्यात मुळाच म्हणतात), पावसात भिजलेली पेंढ्याची गंजी म्हटलंय, एकदा तर परदेशी पाहुण्यांसमोर ‘ही बाई पाय आपटत नाही, झुरळं मारते’ असंही म्हटलंय. दर वेळी मला मनातून बरंच वाटलं. कारण आमच्या सरावघरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सेन्सेई ज्याला ठेवणार असतात त्याला झोडपतात आणि ज्याला काढणार असतात त्याच्याशी गोड बोलतात. ज्याला ‘पुन्हा’ म्हणाले तो वाचला. ज्याला ‘खूप मेहनत घेतलीत’ म्हणाले त्याने दुपारच्या बसने शहर गाठायचं.

डिसेंबरात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हाडाच्या जागी धातू बसवला. मे महिना उजाडला, कोठाराच्या मागच्या सावलीत तेवढा मळका बर्फ उरला, तेव्हा सेन्सेईंनी मला ओसरीवर चहाला बोलावलं. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यापासून त्यांचा डावा हात निकामी आहे. तरी त्यांनी स्वतः माझ्या पेल्यात चहा ओतला आणि त्यातला निम्मा खाली सांडला. शेजारी मंडळीचा व्यवस्थापक कादोवाकी बसला होता. त्याने घाईघाईने फडकं फिरवलं.

“हिसानोसान,” सेन्सेई म्हणाले, “यंदाही उन्हाळ्याच्या नाटकात राणीची भूमिका तुम्हीच करा. फक्त सकाळच्या सरावाला उभं राहू नका. नाटकातही तुम्हाला एक खुर्ची देऊ, तुम्ही बसून बोला. खूप मेहनत घेतलीत.”

मी पेला खाली ठेवला. बेचाळीस वर्षं ज्याने मला ‘ए हिसानो’ अशीच हाक मारली, तो माणूस आज माझ्याशी एखाद्या सरकारी पाहुणीशी बोलावं तसा बोलत होता.

आमच्या मंडळीचा नियम साधा आहे. रोज सकाळी दहाला सगळे, कालचा नवखा असो की चाळीस वर्षांचा जुना, अंगठ्याची फाट असलेले पांढरे मोजे घालून लाकडी जमिनीवर उभे राहतात. कादोवाकी टेप लावतो. तीन मिनिटं चाळीस सेकंद ढोल वाजतात आणि तेवढा वेळ सगळ्या ताकदीनिशी पाय आपटत चालायचं. वरचं अंग हलता कामा नये. ढोल थांबले की जागच्या जागी कोसळायचं आणि मेल्यासारखं पडून राहायचं. मग बासरी सुरू होते. तिच्याबरोबर एकाच संथ हालचालीत, कुठेही हात न टेकता उठायचं. बासरी संपेपर्यंत जो उभा राहिला नाही, तो त्या उन्हाळ्यात रंगमंचावर जात नाही.

हा नियम सेन्सेईंचा, पण गेली पंधरा वर्षं तो राबवला मी. सात जणांना मी घरी पाठवलं. त्यातला एक जण माझ्याच वयाचा होता, त्याची कंबर गेली होती. त्याला मी बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले आणि वाटेत त्याला एका शब्दानेही धीर दिला नाही. आता मीच कुठल्या तोंडाने खुर्चीत बसणार?

“सेन्सेई, मला खुर्ची नको,” मी म्हणाले. “मी सरावाला उभी राहणार. जमलं तर राणी करीन. नाही जमलं तर सगळ्यांसारखी बसने जाईन.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पाय आपटू नका म्हणाले. त्यांना कुठे नाटक करायचंय?”

कादोवाकीने हसू दाबलं. सेन्सेई हसले नाहीत, चिडलेही नाहीत. “बरं. जशी तुमची इच्छा,” एवढंच म्हणाले. हे उत्तर मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

आता या पाय आपटण्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याबद्दल जगभर बरंच काही छापून आलंय आणि त्यात माझ्या आईचं नाव कुठेही नाही.

सेन्सेई अडतिसाव्या वर्षी तोक्योहून अकरा पोरं घेऊन आमच्या तानिओकु गावात आले. गावातलं एक ओस पडलेलं शेतघर त्यांनी घेतलं. त्याच्या जमिनीखाली जुन्या रंगमंचाखाली पुरतात तसे मातीचे रिकामे रांजण पुरले, म्हणजे पाय पडला की जमीन बोलते. भाषणांत ते सांगतात, की हे सगळं त्यांना मुखवट्यांच्या जुन्या नाटकांतून आणि देवळांतल्या नाचांतून सापडलं. ते खोटं बोलत नाहीत, पण सगळंही सांगत नाहीत.

आमच्याकडे बर्फ माणसाच्या दुप्पट उंचीचा पडतो. तेव्हा तो काढायला यंत्रं नव्हती. गावातून शाळेपर्यंतची वाट रोज सकाळी बायका तुडवायच्या. प्रत्येक घराचा तुकडा ठरलेला असायचा. दोन्ही पायांत पेंढ्याची गुडघाभर पोती चढवायची, त्यांच्या दोऱ्या हातात धरायच्या आणि एकेक पाऊल पुरतं दाबत जायचं. पाऊल अर्धवट पडलं तर मागून येणारं पोर कमरेपर्यंत रुतणार. कंबर ढिली पडली तर आपण स्वतःच आडवे होणार.

पहिल्याच हिवाळ्यात सेन्सेई शहरी बूट घालून दोन तास आमच्या तुकड्यापाशी उभे राहिले. शेवटी त्यांनी आईला विचारलं, “बाई, तुम्ही दमत नाही का?”

“दमते की,” आई न थांबता म्हणाली. “पण दमणं पायातच ठेवायचं, वर येऊ द्यायचं नाही. तुमचे पाय गारठलेत, घरी जा.”

तेच वाक्य सेन्सेई पुढे चाळीस वर्षं शिकवत आले, फक्त जरा सजवून. ते म्हणतात, थरथर कमरेखाली अडवा. ते म्हणतात, जोर लावतो तो हमाल, लावलेला जोर जो रोखून धरतो तो नट. ते म्हणतात, शहरातली माणसं गळ्याने बोलतात कारण त्यांना पाय आहेत हेच ती विसरलीत. मला हे सगळं पटतं. मी त्या घरात एकोणिसाव्या वर्षी स्वयंपाकाला लागले होते. तोक्योची ती पोरं धडाधड पडायची आणि मी चुलीपाशी बसून हसायचे. सेन्सेईंनी एकदा ऐकलं आणि ओरडले, “हसतेस काय? करून दाखव.” मी एप्रन न सोडता करून दाखवलं. त्या दिवसापासून स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं.

तर मे महिन्यात मी पुन्हा सरावाला उभी राहिले. आम्ही अठरा जण होतो. माझ्या डाव्या हाताला माहिरो असायची. ही सव्वीस वर्षांची, पाठांतराला पक्की, राणीचे संवाद तिला माझ्याइतकेच येतात आणि मी नसले तर राणी तिचीच होती. हे तिला माहीत होतं, मलाही. तरी पोरगी रोज माझे मोजे घडी करून ठेवायची.

पहिल्याच दिवशी कळलं, की माझा उजवा पाय वेगळा वाजतो. डावा पडला की दण, उजवा पडला की धप. सतरा जणांच्या दणदणाटात तो धप वेगळा ऐकू यायचा. उठताना तर मी दोनदा चक्क हात टेकला. दुपारी कोठारामागचा मळका बर्फ फडक्यात बांधून गुडघ्यावर धरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं, असं चाललं. महिनाअखेरीस सेन्सेई स्वतः बसतात आणि त्या दिवशी भूमिका ठरतात. माझ्याकडे तीन आठवडे होते.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. माझा उजवा पाय इतरांच्या आवाजात मिसळला. कितीही कान दिला तरी वेगळा धप ऐकू येईना, आणि मी मागेही पडेना. एका दुपारी आम्ही दोघी डोंगरातल्या नेच्याचे कोंब निवडत बसलो होतो, तेव्हा मी माहिरोला म्हणाले, “बघितलंस? बसला शेवटी गुडघा. तुला अजून एक उन्हाळा थांबावं लागणार.”

तिने मान खाली घालून कोंबाचं देठ मोडलं. “हो, हिसानोसान. छान बसला,” ती म्हणाली.

मी मूर्ख, मला तो तिचा मत्सर वाटला.

महिनाअखेरीस सेन्सेई सरावघरात आले. मधल्या चुलीपाशी त्यांची खुर्ची ठेवलेली असते. चुलीवर छतातून आलेल्या साखळीला लोखंडी किटली टांगलेली आहे. ती तिथे चहासाठी नाही. अठरा जण मनापासून पाय आपटतात तेव्हा त्या किटलीचं झाकण खडखडतं, आणि सेन्सेई डोळे मिटून ते झाकण ऐकतात. नवख्यांना आम्ही हे सांगत नाही, त्यांचं त्यांना कळू देतो.

ढोल सुरू झाले. मी निघाले. दण, दण, दण, दण. पाय बोलत होते, श्वास पोटात होता, खांदे स्थिर. एक मिनिट झालं असेल. वळण घेऊन मी चुलीसमोरून जायला लागले आणि माझी नजर किटलीवर गेली.

झाकण गप्प होतं.

मी आणखी चार पावलं टाकली. मग कळलं. माझा पाय सुधारला नव्हता. या सतरा जणांनी आपले पाय माझ्यापर्यंत खाली आणले होते. मोठ्या बाईचा आवाज उघडा पडू नये म्हणून सगळे हळू आपटत होते, कुणी कुणाला न सांगता, आमच्या लोकांना हे असं न सांगताच जमतं. आणि खुर्चीतला तो म्हातारा, ज्याला झाकणाच्या खडखडाटावरून कोण आजारी आहे तेही कळतं, तो डोळे मिटून गप्प बसला होता. त्यालाही कळत होतं. त्यानेही मला संपलेली धरलं होतं.

माझी आई सत्तरीला आली तेव्हाची गोष्ट. शेजारच्या बायकांनी ठरवलं, की म्हातारीला कशाला त्रास. एका सकाळी आई पोती चढवून बाहेर आली, तर आमचा तुकडा आधीच तुडवलेला. शेजारीण हात जोडून म्हणाली, “तुम्ही आत बसा, शेकत बसा.” आमच्या गावात याचा अर्थ एकच होतो. ज्या घराचा तुकडा दुसरं कुणी तुडवतं, ते घर यादीतून गेलं. आईने त्या तयार वाटेच्या बाजूला, हातभर अंतरावर, मऊ बर्फात पाय घातला आणि स्वतःची दुसरी वाट तुडवायला लागली. दुपार झाली तरी तुडवत होती. त्या वर्षी वसंतापर्यंत आमच्या दारापुढे दोन वाटा होत्या, आणि शाळेची पोरं आईच्या वाटेने जायची, कारण ती जास्त घट्ट होती.

मी थांबले. ढोल वाजत असताना आमच्यात कुणी थांबत नाही, मरत असला तरी. सगळ्यांचे पाय अडखळले. कादोवाकीने टेप बंद केली.

“हिसानोसान,” तो हळूच म्हणाला, “नियमाप्रमाणे मध्ये थांबलेला माणूस बाद होतो.”

“बाद तर बाद. पण आधी या सतरा जणांना बाद कर. गेला आठवडाभर सगळे जोर चोरतायत.”

कुणी मान वर करेना. शेवटी माहिरो म्हणाली, “तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून...”

“माझा त्रास वाटून घ्या असं मी कुणाला म्हटलं होतं का?” माझा आवाज चढला होता. “तुला राणी करायचीय ना, मग माझ्यापेक्षा जोरात पाय आपट आणि घे ओढून. हे काय, माझ्यासाठी बिछाना घालतेस? मी अजून मेलेली नाही गं. आणि सेन्सेई, तुम्हीसुद्धा. तुम्ही मला बसने पाठवलं असतंत तर मी तुमच्या पाया पडून गेले असते. तुम्ही मला फसवलंत.”

सेन्सेईंनी डोळे उघडले. मग उजव्या हातातली बांबूची काठी कादोवाकीकडे करून म्हणाले, “टेप मागे घे. बाकीचे भिंतीला टेका. एकटीला करू दे.”

एकटीने कुणी हे करत नाही. सतरा जणांच्या आवाजात माणूस लपतो, ते चांगलंच असतं. आता लपायला जागा नव्हती. ढोल सुरू झाले आणि मी निघाले. दण, धप. दण, धप. रांजणांतून तो धप इतका मोठा होऊन यायचा, की मला लाज वाटायला लागली. दुसऱ्या मिनिटाला गुडघ्यातून कळ निघाली ती कमरेपर्यंत चढली. मी ती तिथे अडवली. दमणं पायातच ठेवायचं. तिसऱ्या मिनिटाला तर कमरेखाली काय चाललंय ते मला कळतच नव्हतं, फक्त आवाजावरून समजायचं की पाय अजून पडतायत. किटलीचं झाकण काही वाजलं नाही. एका लंगड्या बाईने कुठलं वाजणार?

ढोल थांबले, मी कोसळले. पडणं मला केव्हाही छान जमतं.

बासरी सुरू झाली. मी उठायला लागले. कंबर, पाठ, मग डावा पाय खाली. उजवा पाय वळेना. बासरीचा शेवटचा लांब सूर आला तेव्हा मी एका गुडघ्यावर होते. सूर विरला. टेप खट्ट करून थांबली. माझ्या अंगाखालची जमीन गार लागत होती. माहिरोचा हात भिंतीपासून पुढे आला, आणि मग तिने तो मागे घेतला. त्या मागे घेतलेल्या हाताबद्दल मी तिला अजून मानते.

मी थांबले नाही. संगीत नव्हतं, काहीच नव्हतं, बाहेर तळ्यात बेडूक तेवढे ओरडत होते. मी तशीच वर येत राहिले. कादोवाकीने नंतर सांगितलं, की आणखी दीड मिनिट लागलं. मला ते वर्षभराचं वाटलं. शेवटी दोन्ही पाय खाली होते आणि मी उभी होते. मी समोर बघितलं, जिथे कुणीच नव्हतं, आणि राणीचं वाक्य म्हटलं. ही राणी जळालेल्या शहरात परत आलेली असते. “माझं घर कुणी जाळलं ते मला विचारू नका. माझं घर कुठे होतं, तेवढं मी दाखवते.” आवाज हलला नाही.

मग मी सेन्सेईंकडे वळले. “बासरी संपली तेव्हा मी उभी नव्हते. बाद झाले. दुपारची बस आहे ना अजून?”

“सेन्सेई,” कादोवाकी मध्येच म्हणाला, “बासरी थोडी लांबवता येईल, मी शहरातून करून आणतो...”

काठी जमिनीवर इतक्या जोरात आदळली, की किटलीचं झाकण एकदा खणखणलं.

“टेपला हात लावलास तर बोटं मोडीन. नियम काय आहे, सांग.”

“बासरी संपेपर्यंत उभं राहायचं.”

“गाढवा, तू तेव्हा नव्हतास. हिसानो, तू होतीस. पहिली पाच वर्षं बासरी होती का?”

नव्हती. मला आठवलं. पहिली पाच वर्षं आम्ही नुसत्या वाऱ्याच्या आवाजात उठायचो. नियम एवढाच होता, की उठायला लागल्यावर थांबायचं नाही.

“बासरी मी नंतर घातली, तुम्हा लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून,” सेन्सेई म्हणाले. “आणि तुम्ही तिलाच देव करून बसलात.”

“मग ते सात जण?” मी विचारलं. “मी बासरी ऐकून घरी पाठवलेले?”

सेन्सेईंनी खाली बघितलं. त्यांची निकामी बोटं मांडीवर नुसती पडून होती. “तू पाठवलेस, मी बघत बसलो. ते आपल्या दोघांच्या डोक्यावर राहणार,” ते म्हणाले. त्या कंबर गेलेल्या माणसाला मी पुढच्या आठवड्यात पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

मग सेन्सेई खुर्चीतून पुढे वाकले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. “आणि तू, मुळ्या! धप काय, धप? उजव्या पायात काय सडका भोपळा भरलाय? राणी लंगडी असेल तर असू दे, मला काय त्याचं. पण तो पाय माफी मागतोय. लोकांना सांगतोय की मला सांभाळून घ्या. माझ्या रंगमंचावर माफी मागणारा पाय चालणार नाही. पुन्हा!”

बेचाळीस वर्षांत कुठलीही स्तुती मला इतकी गोड लागली नव्हती. गुडघा आगीसारखा पेटला होता, मोजा घोट्यापाशी ओला झाला होता. मी जागेवर जाऊन उभी राहिले.

“भिंतीला काय चिकटलात?” सेन्सेई बाकीच्यांवर ओरडले. “सगळे. पुन्हा.”

ढोल सुरू झाले. माझा धप आता उघडउघड ऐकू येत होता, सगळ्यांना, भिंतीपर्यंत. मी तो लपवला नाही. माहिरो माझ्या शेजारून पुढे निघाली आणि तिने पाय असा आणला, की माझ्या पायाखालची फळी हादरली. किटलीचं झाकण खडखडलं, मग निसटून राखेत पडलं, आणि त्या सतरा जणांतल्या कुणीही माझ्यासाठी पाय हळू टाकला नाही.